नाडी

पाथर्डी फाट्यावर, चौथ्या मजल्यावर,
गॅलरीच्या दाराला मी परकराची नाडी बांधली
तेव्हा लेक अठरा दिवसांची होती.
कडी होती दाराला. चांगली, पितळी.
पण कडी एका हाताने निघते,
आणि तिला घेतल्यावर माझा एक हात मोकळाच राहायचा.

सासूबाईंना म्हटलं, वारा येतो.
खोटं नव्हतं. जानेवारी होता,
निफाडचा पारा रोज पेपरात छापून येत होता.

बघायला येणारे विचारत, दूध येतंय ना?
बाळंतिणीनं रडू नये, आटतं.
म्हणून मी लंगोट धुताना नळ मोठा सोडायचे.
हर्षल अंबडहून चहाच्या सुट्टीत फोन करायचा,
झोपली का?
मी म्हणायचे, नाही.
मी माझ्याबद्दल बोलत असायचे.

तीन वाजता हायवेवरचे ट्रक विरळ व्हायचे,
पांडवलेणीचा डोंगर आकाशाहून काळा,
आणि ते चित्र यायचं.
कुठलं, ते इथे लिहिणार नाही.
एवढंच की त्यात गॅलरी होती, माझे हात होते,
आणि मी किंचाळायच्या आत ते संपायचं.
मग पहिल्यापासून.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताई आल्या, झुंबरताई.
चौकटीला काटा अडकवला, झोळीत लेक घातली,
तीन किलो नऊशे, वहीत लिहिलं.
मग नाडीकडे पाहिलं.
निरगाठ, तिच्यावर निरगाठ, तिच्यावर आणखी एक.
मग माझ्याकडे.
मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या,
आजी, चहा टाका. आलं जास्त. ठेचून घाला, किसून नको.

खलबत्ता वाजायला लागल्यावर हळूच:
रात्री किती वाजता?
तीन.
माझी विळी होती, म्हणाल्या.
दिंडोरीला, थोरल्याच्या वेळी. पत्र्यावर भिरकावून दिली.
नवरा चार दिवस शोधत होता.
मी म्हणायचे मेथीच आणा, मेथी हातानं खुडता येते.

मी हसले.
किती दिवसांनी, ते नंतर मोजलं.
विचारलं, मग थोरल्याला काही...?
त्याला काय होतंय. द्राक्षाच्या गाड्या भरतो,
फोन उचलत नाही.
पण मला तेव्हा कुणी कुठं नेलं नाही, बाई.
तुला मी नेते. मंगळवारी.

आतला खलबत्ता
मघापासून थांबलेला होता.

सिव्हिलच्या त्या खोलीबाहेर लांब बाकडं.
ओळखीचं कुणी भेटलं तर, असं वाटत होतं.
भेटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या खैरनार वहिनी,
मांडीवर फाईल.
आम्ही दोघी समोरचं लसीकरणाचं पोस्टर
फार लक्ष देऊन वाचलं.

डॉक्टर माझ्याहून लहान असेल.
कागद वाचून विचारत गेली:
गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का?
गेल्या सात दिवसांत विनाकारण भीती वाटली का?
लेकीला घेऊन दारात उभा असलेला हर्षल
मध्येच म्हणाला, हो.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
डॉक्टरने दुसरी खुर्ची ओढली.

गोळी पहिल्याच दिवशी काही करत नाही.
आठवडे घेते, तोंड कोरडं पाडते.
दोन ते पाच हर्षल जागतो,
मी आतल्या खोलीत कानात कापूस घालून पडते,
कधी झोपते, कधी नुसती कापूस ऐकते.
चित्र अजून येतं. आलं की म्हणते, ये, आलास?
बसत नाही हल्ली फार वेळ.

मार्चमधली एक सकाळ.
सासूबाई तोंड न उघडता लंगोटांच्या घड्या घालत होत्या.
दाराकडे नजर गेली.
नाडी तिथेच होती.
पण तीन निरगाठी कुणीतरी
नखांनी, बहुधा फार वेळ बसून, उकलल्या होत्या
आणि एकच सुरगाठ मारली होती,
एका ओढीत सुटेल अशी.

त्यांच्या अंगठ्याचं नख तुटलेलं होतं.
मी विचारलं नाही. त्यांनीही वर पाहिलं नाही.

टोक हातात धरून उभी राहिले थोडी.
ओढलं नाही.
चहा टाकायला गेले,
आलं ठेचून.